परत आलेली कॉफी

पहिली कॉफी परत आली तेव्हा इग्नातिसला वाटलं, दूकासचंच काहीतरी चुकलं असणार.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता, ऑलिव्ह झोडणाऱ्या टोळ्या ठरवायचा. ज्याची ऑलिव्हची बाग असेल त्यानं दुपारनंतर दूकासच्या कहवाखान्यात येऊन बसायचं आणि ज्याला कामावर घ्यायचं त्याच्या टेबलावर कॉफी पाठवायची, ही गावची रीत. समोरच्यानं ती प्यायली की ठरलं. बोलाचाली नाही, कागद नाही. तळाचा गाळ दिसेपर्यंत कॉफी प्यायलेला माणूस झोडणी संपेस्तोवर दुसऱ्याच्या बागेत पाय ठेवत नसे. बायकांना कहवाखान्यात यायची मुभा नव्हती. जो पिईल त्याच्या घरची बाई वेचणीला येणार, हे धरूनच चालायचं.

इग्नातिसनं कॉफी पाठवली होती ती तेर्पांद्रोसला. नऊ वर्षं तोच त्याची झाडं झोडत होता. एवढ्या ताकदीचा गडी, पण काठी अशी चालवायचा की फळ पडावं आणि डहाळी राहावी.

दूकास थाळी घेऊन परत आला. "त्यो म्हणतोय, पिऊन झालीया."

"कुणाची?"

"ते न्हाई सांगितलं." दूकासनं कप इग्नातिसच्याच पुढ्यात ठेवला.

तेर्पांद्रोस चार टेबलं पलीकडे पत्ते पिसत होता. त्याच्यापुढे कप नव्हता, कपाचा डागही नव्हता. इग्नातिसनं मग बाबिसला पाठवली. ती परत आली. कुंभारआळीच्या दोघा भावांना एकेक पाठवली, त्याही परत आल्या. शेवटी त्यानं लंगड्या स्टेलिओसला पाठवली, ज्याला गेली दोन वर्षं कुणी बागेत उभं करत नव्हतं. स्टेलिओसनं कपाकडे भुकेल्यासारखं पाहिलं, मग शेगडीकडे पाहिलं, आणि कप हातानं मागे सारला.

शेगडीजवळ प्रोकोपिस बसला होता. पायावर पाय, हातात पिवळ्या मण्यांची माळ. एकेक मणी सोडत तो खिडकीबाहेर बघत होता, जसं काही आत चाललंय त्याच्याशी आपला संबंधच नाही. इग्नातिसच्या लग्नात डोक्यावर मुकुट धरायला हाच उभा राहिला होता. त्या नात्यानं तो धर्माचा बाप.

दूकासनं पाच कप ओळीनं लावून ठेवले होते. "गार हुत्यात," तो म्हणाला. "काय करू ह्यांचं?"

साऱ्या कहवाखान्यात पत्त्यांचा आवाज थांबला. इग्नातिसच्या कानशिलाला आग लागली. उठून गेला असता तर बरं झालं असतं, पण माणसाला नको तिथं ताठा सुचतो. त्यानं पाचही कप पुढ्यात ओढले आणि एकामागून एक पिऊन टाकले. पाचव्याचा गाळ सदऱ्यावर सांडला.

"सावकाश रं," कुणीतरी मागून म्हणालं. "झोप न्हाई लागायची."

"झोपून कसं चालंल? एकट्यालाच झोडायचंय," दुसरं कुणी म्हणालं.

हसणं सगळ्यात मोठं स्टेलिओसचं होतं.

*

"कोण कोण येतंय?" त्याच्या बायकोनं, देस्पिनानं विचारलं. ती पोरींचे मोजे चुलीवर वाळत घालत होती.

"कुणी न्हाई."

"तेर्पांद्रोस?"

"न्हाई."

"त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं केली मी."

"ती कुठं कहवाखान्यात बसती?"

देस्पिनानं शेवटचा मोजा दोरीवर टाकला आणि मग तोंड सोडलं. "खरं बोलायला देवानं तुलाच धाडलं हुतं व्हय?"

"कोर्टाचं बोलावणं हुतं. पवित्र ग्रंथावर हात ठेवून विचारलं, दगड कुठं हुता. जिथं हुता तिथं सांगितला."

"ध्यानात न्हाई म्हणायचं. समदं गाव तसंच म्हणालं न्हवं? तुझ्याच डोक्यात तेवढा दगड शाबूत राहिला."

हद्दीचा दगड बदामाच्या झाडापाशी होता, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? बदामाच्या वर प्रोकोपिसची बाग, बदामापासून खाली ओढ्यापर्यंत विधवा रालूची अकरा झाडं. एवढीच तिची जमीन, एवढाच तिचा संसार. तिचा नवरा वारला त्या हिवाळ्यात दगड नाहीसा झाला, आणि माझी हद्द ओढ्यापर्यंत आहे, असं प्रोकोपिस म्हणू लागला. ओढ्याच्या समोरच्या उतारावर इग्नातिसची बाग. लहानपणापासून त्या दगडावर बसून त्यानं भाकर खाल्ली होती. गेल्या गुरुवारी शहरातल्या कोर्टात तो एवढंच बोलला, आणि न्यायाधीशानं झाडं रालूला दिली.

शहर घाटापलीकडे होतं. कहवाखाना गावच्या मधोमध होता.

*

ऑलिव्ह एक वर्ष धरतं, एक वर्ष झुलवतं. गेल्या साली इग्नातिसच्या झाडांपासून घरच्या दिव्यापुरतंही तेल निघालं नव्हतं. यंदा एकशेवीस झाडं अशी लगडली होती की फांद्यांना टेकू द्यावे लागले. हे फळ महिन्याभरात उतरलं तर दोन वर्षांचं तेल, घरचं खाणं, पोरींची पायताणं, सगळं निघणार होतं. नाही उतरलं तर जमिनीवर सडणार होतं. दक्षिणेचा वारा कुणासाठी थांबत नाही.

सोमवारी उजाडायच्या आत दोघं बागेत गेली. पोरी सासूकडे ठेवल्या. इग्नातिस झाडावर चढायचा, लांब काठीनं शेंडे झोडायचा, खाली उतरून आडव्या फांद्या झोडायचा, मग काठी टाकून बायकोबरोबर गुडघ्यावर बसून वेचायचा. टोळी असली की झोडणारा झोडतो, वेचणारी वेचते, आणि दिवसाला बारा झाडं हातावेगळी होतात. ह्या दोघांची दिवसभरात दोन झाली. उतारावर बारीक खडी, त्यात काटेरी झुडपं. ऑलिव्ह दगडांच्या फटीत जाऊन बसायचं आणि देस्पिना ते बोटांनी उकरून काढायची. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांच्या टोकांना चिरा पडल्या. तिसऱ्या दिवशी तिनं चिरांना तेल लावून चिंध्या गुंडाळल्या, पण चिंधीच्या बोटांनी फळ उचलत नाही, म्हणून दुपारी सोडून टाकल्या.

त्याच दुपारी रालू ओढा ओलांडून वर आली. साठीची बाई, कमरेत वाकलेली, काळा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. हातात स्वतःची टोपली, कमरेला भाकर आणि कांदा बांधलेला.

"मावशी, कशाला आलीस?" इग्नातिस झाडावरून म्हणाला.

"वेचायला."

"मजुरी द्यायला न्हाई गं माझ्यापाशी."

"मागितली कुणी? तू झोड."

"आन् तुझी झाडं?"

"माझी ओढ्याकाठी हायेत, आडोशाला. त्यांना वारा लागत न्हाई, थांबतील. आधी तुमचं उरकू." तिनं बसकण मारली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागली. तरण्या बाईला लाजवील असा हात होता तिचा. देस्पिनानं तिच्याकडे एकदा पाहिलं. ही नसती तर आपल्यावर ही वेळच आली नसती, हे तिच्या तोंडावर आलं होतं. पण टोपली भरत होती.

*

गुरुवारी इग्नातिसला कहवाखान्यात जावंच लागलं. तेलाच्या घाण्यातले पाळीचे नंबर तिथंच निघायचे, आणि टपालही दूकासच्याच फळीवर पडून असायचं.

त्याची नेहमीची खुर्ची जाग्यावर नव्हती. एकानं तिच्यावर पाय पसरले होते. इग्नातिस पिंपावर टेकला आणि कॉफी मागितली. अर्ध्या तासानं ती आली. प्रत्येकाच्या कपाशेजारी पाण्याचा पेला होता, त्याच्या शेजारी नव्हता.

"पाणी?"

"संपलं," दूकास म्हणाला, आणि पलीकडच्या टेबलावर सुरई नेऊन ठेवली.

ऑस्ट्रेलियाहून भावाचं पत्र आलं होतं. पाकीट फोडलेलं. "आम्हांला वाटलं, महत्त्वाचं असंल," तेर्पांद्रोस म्हणाला. "तुझा भाऊ लिव्हतो, तिकडं दर रविवारी मटण असतंय. तू पण जा की तिकडं. तिकडचं दगड जाग्यावर असतील."

घाण्यात त्याचा नंबर शेवटचा लागला. नाताळानंतर. म्हणजे वेचलेलं फळ चार आठवडे पोत्यात बसणार, तापणार आणि बुरसणार. खऱ्याला मरण नाही म्हणतात. नसेल. ऑलिव्हला असतं.

निघताना तो शेगडीपाशी थांबला. "प्रोकोपिसकाका, माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?"

प्रोकोपिसनं एक मणी सोडला. "दूकास," तो म्हणाला, "दार लावून घे. थंडी आत येतीया."

*

शुक्रवारी दुपारी वारा सुटला. दक्षिणेचा, ओला, समुद्राच्या वासाचा. दोन दिवस तो थांबला नाही. इग्नातिसनं झोडायचं सोडून दिलं. झोडायचं काम वाराच करत होता. फळ उतारावरून घरंगळत झुडपांत, बांधाखाली, चिखलात जात होतं. तिघं रांगत वेचत होती. रालूच्या डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी वाहायचं आणि ती ते पुसतही नव्हती, कारण पुसायला एक हात लागतो.

रविवारी दुपारी देस्पिनाला उठता येईना. गुडघे सुजून मडक्याएवढे झाले होते. इग्नातिसनं तिला पाठुंगळीला मारून घरी आणलं आणि वाटेत कहवाखान्यासमोरून जावं लागलं. आतून कुणीतरी काच पुसून बाहेर पाहिलं.

घरात तिनं घागरा गुडघ्यावर ओढला. कातडी फाटून खडे आत रुतले होते. तो दिव्याशी बसून सुईनं एकेक काढत राहिला.

"किती झाडं झाली?" तिनं विचारलं.

"सतरा."

"आन् ऱ्हायली एकशेतीन."

तो पुढचा खडा काढू लागला.

"जा," देस्पिना म्हणाली. "प्रोकोपिसला पायजे तसं म्हण."

"ग्रंथावर हात ठेवलाय मी."

"हे हात बघ माझं. तू ग्रंथावर ठेवलेला हात धड हाय, त्याला काय झालं न्हाई." तिनं दोन्ही तळवे त्याच्या तोंडासमोर धरले. "रालूला पोरंबाळं न्हाईत. एक पोट हाय. माझ्या घरात चार हायेत. मला पाप लागंल तर लागू दे. जा."

तिच्या बोलण्यात चूक नव्हती. हेच वाईट होतं.

*

तो कहवाखान्यात शिरला तेव्हा त्याला कुणी वाट पाहायला लावली नाही. सगळे ह्याच वेळेला बोलावल्यासारखे जमले होते.

"प्रोकोपिसकाकांना माझ्याकडनं कॉफी," तो दूकासला म्हणाला.

"तूच ने की. माझं पाय दुखत्यात." दूकासनं कॉफी उकळून कपात ओतली आणि थाळी त्याच्या हातात दिली.

काठी धरून धरून इग्नातिसची बोटं वळत नव्हती. थाळी लटलटली. टेबलांमधून जाताना कुणी पाय आत घेतला नाही. तो प्रत्येकाला वळसा घालत गेला. शेगडीपाशी कप ठेवला तेव्हा निम्मी बशीत होती.

प्रोकोपिसनं वास घेतला. "साखर घातलीस?"

"दोन चमचे. तुमी घेता तशी."

"मी सोडली. डाक्टरनं बंद केलीया, वर्ष झालं. धर्माच्या बापाच्या तब्येतीची चौकशी करत जावी मधूनमधून."

इग्नातिसनं कप उचलला, परत गेला, बिनसाखरेची घेऊन आला. ह्या वेळी सांडली नाही. प्रोकोपिसनं कपाला हात लावला नाही.

"दगड कुठं हुता?" त्यानं विचारलं.

"ओढ्याच्या काठावर."

"मागच्यांना ऐकू येत न्हाई."

"ओढ्याच्या काठावर हुता."

"मग कोर्टात बदामापाशी कसा काय चढला?" तेर्पांद्रोस म्हणाला.

"पाय फुटलं असतील," बाबिस म्हणाला, आणि सगळ्यांना मोकळेपणी हसायला मिळालं. इग्नातिसही हसला. आपण हसलो हे त्याला नंतर कळलं.

गावचा कारकून कोपऱ्यात बसला होता. त्यानं खिशातून कागद काढला. सगळं आधीच लिहिलेलं होतं: कोर्टातली साक्ष घाईत, गैरसमजातून दिली, दगड अमुक साली अमुक ठिकाणी होता. तारीखसुद्धा आजचीच घातलेली होती. इग्नातिसनं सही केली. त्यानंतर प्रोकोपिसनं कप उचलला आणि सावकाश, घोट घोट, गाळ दिसेपर्यंत प्यायला. तोवर कुणी पान टाकलं नाही.

"आता टोळी तुझी," तो म्हणाला. "तेर्पांद्रोस, बाबिस, ती दोघं भाऊ. बायका पण येतील. घाण्याचं मी बघतो, परवा तुझा नंबर. पण उद्याचा पहिला दिस ओढ्याकाठी. ती अकरा झाडं. पहिली काठी तुझ्या हातची."

"काका, रालूमावशी..."

"ती रोज तुझ्याच बागंत असती न्हवं? मग आडवं कोण येतंय?" प्रोकोपिस उठला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "दूकास, माझ्या पोराला कॉफी दे. माझ्याकडनं."

इग्नातिसनं ती प्यायली.

*

सकाळी वारा पडला होता. देस्पिना काठीच्या आधारानं उभी राहिली. "मी वर जाते," ती म्हणाली. "रालू येईल. तिला काय सांगू?"

"काय बी सांगू नगंस."

ओढ्याकाठी टोळी हजर होती, गावातली आणखी दहाबारा रिकामी माणसंही होती. इग्नातिसनं पहिल्या झाडाखाली उभं राहून वर पाहिलं. रालूचं म्हणणं खरं होतं, इथं वारा लागला नव्हता. फळ काळं, टपोरं, फांदीवर जसंच्या तसं होतं. त्यानं काठी मारली. गारा पडाव्यात तसं ते खाली आलं, आणि बायका गुडघ्यावर बसल्या.

तीन झाडं झाली तेव्हा समोरच्या उतारावरची वाकलेली काळी आकृती उभी राहिली. कपाळावर हात धरून तिनं बराच वेळ खाली पाहिलं. मग टोपली उचलून ती उतरायला लागली. घाईघाईनं, खड्यांवरून घसरत. घागरा खोचून ओढा ओलांडला.

"हे काय रं पोरांनो," रालू म्हणाली. तिला दम लागला होता आणि ती हसत होती. तोंडात दोनच दात होते, ते दिसत होते. "मला सांगायचं तरी. समदं गाव माझ्या झाडाला आलं. आन् मी खुळी तिकडं वर बसलीया."

बायका वर न बघता वेचत राहिल्या.

"संध्याकाळी समद्यांना माझ्या नावची कॉफी. मला काय आत येता यायचं न्हाई, दूकासला मी खिडकीतनं सांगते." तिनं इग्नातिसचा हात ओढून घेतला आणि कपाळाला लावला. "ह्यो तुझाच उद्योग. तूच कॉफी पाठवलीस ह्यांना, माझ्यापायी. देव तुझ्या पोरींचं भलं करो."

ती बायकांच्या रांगेत जाऊन बसली आणि वेचायला लागली. शेजारची बाई जरा सरकली, मग आणखी सरकली. रालूचे दोन्ही हात चालत होते. झोडणारे काठ्या टेकून उभे राहिले होते.

"सांग की तिला," तेर्पांद्रोस हळू म्हणाला. त्याला मजा येत नव्हती आता. "का मी सांगू?"

रालूची टोपली भरली. ती उठली आणि कुठे ओतायची म्हणून इकडेतिकडे बघू लागली.

"मावशी," इग्नातिस म्हणाला, "त्या पोत्यात वत."

पोत्यांवर लाल रंगात प्रोकोपिसची खूण होती. रालूला वाचता येत नव्हतं, पण ही खूण ओळखायला वाचता यावं लागत नाही. तिनं पोत्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, मग इग्नातिसकडे. हसायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं होतं, ते मिटायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं टोपली पोत्यात ओतली, आणि तळाला चिकटलेलं एक फळ बोटानं काढून तेही टाकलं.

"इग्नातिसा," ती म्हणाली, "दगड कुठं हुता रं?"

"ओढ्याच्या काठावर," इग्नातिस म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, मागच्यांनाही ऐकू जाईल असं.